अमेरिकी पाणबुड्यांचा न फुटणारा टॉर्पेडो: मार्क १४ मध्ये नेमके काय बिघडले होते आणि त्याचे पुढे काय झाले

दर्यावर्दी

जपानच्या पराभवाची चर्चा मिडवे, इवो जिमा आणि अणुबॉम्ब यांच्यापाशीच घुटमळते. जपानची रसद तोडली ती मात्र मुख्यतः अमेरिकी पाणबुड्यांनी. आणि युद्धाची पहिली पावणेदोन वर्षे त्यांना ते धड जमले नाही, कारण हातातले हत्यारच सदोष होते. मागे एका धाग्यावर "मार्क १४ टॉर्पेडो फुटत नसे" एवढे एक वाक्य येऊन गेले. तेवढ्याने भागत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

आधी वस्तू समजून घेऊ. लांबी २० फूट ६ इंच, व्यास २१ इंच, वजन साधारण दीड टन. पोटात दाबाखालची हवा, अल्कोहोल आणि पाणी. हवेत अल्कोहोल जळते, त्या ज्वाळेत पाणी फवारले जाते आणि तयार झालेल्या वाफमिश्रित वायूवर टर्बाइन फिरते. वेग दोन: ४६ नॉटने ४,५०० यार्ड, नाहीतर ३१ नॉटने ९,००० यार्ड. एका नगाची किंमत सुमारे १०,००० डॉलर. बनवणारे ऱ्होड आयलंडमधले न्यूपोर्टचे टॉर्पेडो केंद्र आणि त्याच्यावर नौदलाचा ब्युरो ऑफ ऑर्डनन्स. किंमत जास्त म्हणून खरे वॉरहेड (स्फोटकांनी भरलेले डोके) लावून चाचणी घ्यायला कोणी धजत नव्हते. आणि आरेखन, उत्पादन, तपासणी सगळे एकाच घरात, त्यामुळे तक्रार आली तरी ती ज्याच्याविरुद्ध त्याच्याच टेबलावर जायची.

वॉरहेडला खालच्या बाजूने मार्क ६ एक्स्प्लोडर, म्हणजे स्फोट घडवणारी यंत्रणा, बसवलेला असे. टॉर्पेडो पाण्यात धावू लागला की एक छोटा पंखा फिरायचा आणि सुमारे ४५० यार्ड गेल्यावर स्फोटयंत्रणा सज्ज व्हायची, म्हणजे स्वतःच्या पाणबुडीजवळ स्फोट होऊ नये. पुढे फुटण्याचे मार्ग दोन. जहाजाच्या बुडाखालून जाताना चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखून फुटणे, हा पहिला. बाजूवर आपटून फुटणे, हा दुसरा. भर सगळा पहिल्यावर होता, कारण बुडाखालचा स्फोट जहाजाचा कणा मोडतो आणि एकाच टॉर्पेडोत काम होते. या चुंबकीय कल्पनेची खरी स्फोटक चाचणी मे १९२६ मध्ये एल-८ या मोडीत काढलेल्या पाणबुडीवर झाली. दोन टॉर्पेडो सोडले. पहिला खालून निघून गेला, दुसरा फुटला. तेवढ्यावर समाधान मानले गेले. मार्क ६ ची माहितीपुस्तिका तर गुप्ततेच्या नावाखाली तिजोरीत राहिली.

मग युद्ध लागले. १० डिसेंबर १९४१ ला फिलिपीन्समधल्या कॅविटे तळावर जपानी बॉम्ब पडले, त्यात २३३ मार्क १४ नष्ट झाले. उरलेले घेऊन पाणबुड्या बाहेर पडल्या. सार्गो या पाणबुडीचा कप्तान टायरेल जेकब्स याने डिसेंबरात सहा हल्ल्यांत १३ टॉर्पेडो सोडले, एकही लागला नाही. शेवटी त्याने रेडिओ-मौन मोडून तळाला विचारले की टॉर्पेडोवर भरवसा ठेवायचा की नाही. ब्युरोचे ठरलेले उत्तर: नेमबाजी चुकली असेल, देखभाल नीट नसेल.

दोष तीन होते, आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की प्रत्येक दोषाने पुढचा झाकून ठेवला होता. पहिला खोलीचा. लॉकवुड पश्चिम ऑस्ट्रेलियात पाणबुड्यांचा प्रमुख म्हणून आला, त्याने मच्छीमारांचे ५०० फुटी जाळे विकत घेऊन आल्बनीजवळच्या फ्रेंचमन उपसागरात ते लावले आणि २० जून १९४२ ला स्किपजॅक पाणबुडीतून १० फूट खोली लावलेला टॉर्पेडो त्यावर सोडला. जाळ्याला भोक पडले २५ फुटांवर. दुसऱ्या दिवशी आणखी दोन सोडले: १० फुटांवर लावलेला १८ फुटांवर लागला, पृष्ठभागावर लावलेला ११ फुटांवर. ब्युरोने आधी चाचणीतच खोट काढली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मान्य केले की टॉर्पेडो दहाएक फूट जास्त खोल धावतो.

---

आकडेमोड

उत्तम धागा. खोलीच्या चुकीमागचं गणित सोपं आहे, ते इथे टाकतो.

टॉर्पेडो आपली खोली पाण्याच्या दाबावरून ओळखतो. १० फूट समुद्राचं पाणी म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे साडेचार पौंड दाब. मार्क १४ मध्ये हा दाब घेणारं छिद्र शेपटीकडच्या भागात होतं. तिथे अंग निमुळतं होत जातं, पाणी वळून वाहतं आणि धावत्या टॉर्पेडोच्या कातडीवरचा दाब स्थिर पाण्यातल्या दाबापेक्षा कमी भरतो. ४६ नॉट म्हणजे सेकंदाला २३.७ मीटर. या वेगाच्या प्रवाहाचा गतिजन्य दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर साधारण २८.५ मीटर, म्हणजे ९३-९४ फूट येतो. छिद्रापाशी याच्या फक्त ११ टक्के घट झाली तरी यंत्राला वाटतं, आपण दहा फूट वर आहोत. मग ते सुकाणू खाली वळवतं.

आधीच्या, हळू धावणाऱ्या टॉर्पेडोत हीच चूक लहान राहायची, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. जुना मार्क १० ३६ नॉटने धावायचा आणि तोही चारएक फूट खोल जायचा, हे ब्युरोने जानेवारी १९४२ मध्येच कळवलं होतं. तेव्हाच मार्क १४ तपासायला हवा होता.

---

शंकेखोर

एक कळले नाही. न्यूपोर्टला दरवर्षी सरावाचे टॉर्पेडो सोडले जात होतेच ना? मग दहा फुटांची चूक इतकी वर्षे कोणालाच कशी दिसली नाही?

---

दर्यावर्दी

@शंकेखोर, दोन कारणे.

सरावाच्या टॉर्पेडोचे डोके खऱ्या वॉरहेडपेक्षा हलके असे. धाव संपली की त्यातले पाणी बाहेर फेकून टॉर्पेडो वर यावा, म्हणजे गोळा करून पुन्हा वापरता यावा, अशी ती रचना. खरे, जड डोके लावल्यावर नाक खाली झुकते. वॉरहेडमधली स्फोटके वाढवत नेली तेव्हा तोल पुन्हा जुळवून पाहिला गेला नाही. लॉकवुडच्या माणसांनी म्हणूनच सरावाच्या डोक्यात कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरून त्याचे वजन खऱ्याइतके केले होते.

दुसरे कारण जास्त बोलके आहे. धावेची खोली नोंदवणारे यंत्र टॉर्पेडोतच असे आणि तेही अशाच ठिकाणचा दाब वाचत होते. खोली राखणारे यंत्र जे चुकीचे वाचत होते, तेच नोंदणारेही वाचत होते. कागदावरची रेघ बरोबर दहा फुटांवर. जाळ्याच्या भोकाला असली भीडभाड नसते.

उपाय: छिद्र मधल्या भागात हलवले आणि खोलीची यंत्रणा नव्याने जुळवली. ते होईपर्यंत कप्तानांना सांगितले की हिशेबातून दहा-अकरा फूट वजा करा.

---

यंत्रतंत्र

दुसऱ्या दोषाबद्दल मी लिहितो.

खोली सुधारली आणि नवीनच तक्रारी सुरू झाल्या. टॉर्पेडो आता लक्ष्याच्या जवळून जाऊ लागले आणि आधीच फुटू लागले. पेरिस्कोपमधून पाहणाऱ्याला पाण्याचा उंच फवारा दिसतो, त्याला वाटतं निशाणा लागला, आणि जहाज मात्र पुढे चालू लागतं. गस्तीनंतरच्या अहवालांतले फुगलेले बुडवणुकीचे दावे काही अंशी यातूनच आले.

पोलादी जहाज पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात स्वतः चुंबक बनतं. न्यूपोर्टच्या अक्षांशावर पृथ्वीच्या क्षेत्राच्या रेषा जवळजवळ उभ्या जमिनीत शिरतात, विषुववृत्तापाशी त्या आडव्या असतात. त्यामुळे त्याच जहाजाभोवतीच्या क्षेत्राचा आकार दोन ठिकाणी वेगळा. उत्तर अटलांटिकमध्ये बुडाखाली आल्यावर जाणवणारा बदल सॉलोमन किंवा इंडोनेशियाच्या पाण्यात बाजूला बऱ्याच अंतरावरच जाणवू शकतो. शिवाय एक्स्प्लोडरच्या खोबणीत पाणी झिरपायचं, जोडण्या खराब व्हायच्या.

जर्मन आणि ब्रिटिश या दोघांनाही चुंबकीय फ्यूजचा असाच त्रास झाला होता. जर्मनांनी १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत हात पोळल्यावर ती बंद केली. अमेरिकेत पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख निमित्झने २४ जून १९४३ ला आपल्या पाणबुड्यांवर चुंबकीय भाग निकामी करण्याचा हुकूम काढला. पण ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या पाणबुड्या त्याच्या हाताखाली नव्हत्या. तिथला लॉकवुडनंतरचा प्रमुख राल्फ क्रिस्टी, आणि हा एक्स्प्लोडर घडवणाऱ्यांत तो स्वतः होता! त्याने तो १९४३ च्या अखेरीपर्यंत चालूच ठेवला, वरून, त्याचा वरिष्ठ ॲडमिरल किंकेडचा आदेश आला तेव्हाच सोडला. म्हणजे काही महिने एकाच महासागरात, एकाच जातीच्या पाणबुड्या, एकच टॉर्पेडो आणि नियम दोन.

---

दर्यावर्दी

चुंबकीय भाग बंद केला तेव्हा तिसरा दोष उघडा पडला. आता सगळी भिस्त आपटून फुटण्यावर, आणि नेमके तेच होईना.

२४ जुलै १९४३. ट्रुक या जपानी तळाच्या पश्चिमेला टिनोसा पाणबुडीसमोर तोनान मारू क्रमांक ३ हे १९,२६२ टनांचे जहाज आले. मूळचे व्हेल-कारखान्याचे, आता तेलवाहू. कप्तान डॅन डॅस्पिटने पहिल्या सहा टॉर्पेडोंत जहाज जागच्या जागी थांबवले. आसपास एकही पहारेकरी जहाज नाही. मग त्याने ८७५ यार्डांवर, अगदी काटकोनात, पुस्तकात दाखवतात तशी जागा घेतली आणि एक एक करून नऊ टॉर्पेडो सोडले, प्रत्येकाची नोंद ठेवत. नऊच्या नऊ लागले, नऊच्या नऊ फुसके. उरलेला एक त्याने सोडलाच नाही, तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत आणला. सगळ्या प्रकरणातला सर्वात उपयोगी टॉर्पेडो हाच, असे माझे मत.

त्याच्यात काही दोष सापडला नाही. मग ३१ ऑगस्टला हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या उभ्या कड्यावर मस्कलंज पाणबुडीतून खऱ्या वॉरहेडचे टॉर्पेडो सोडले. कल्पना पाणबुडी अधिकारी मॉम्सेनची. पहिले दोन फुटले, तिसरा नाही. पाणबुड्यांनी (म्हणजे माणसांनी!) तळाशी उतरून तो न फुटलेला टॉर्पेडो वर काढला. एक्स्प्लोडर उघडल्यावर दिसले की फायरिंग पिन सुटली होती, पण तिच्या मार्गात अडकून पडली होती.

@यंत्रतंत्र, पिनेचे तुम्ही समजावा.

---

यंत्रतंत्र

पिन टॉर्पेडोच्या धावेच्या दिशेने सरकत नव्हती, धावेला आडवी, खालून वर जायची. आपटल्यावर एक जड कडं जडत्वाने सरकतं आणि खटका मोकळा होतो, मग स्प्रिंगच्या जोरावर पिन दोन मार्गदर्शक खुंट्यांच्या आधाराने वर जाऊन स्फोट सुरू करणाऱ्या टोपीवर आदळते. ४६ नॉटने काटकोनात आपटताना टॉर्पेडोला बसणारा धक्का गुरुत्वाच्या सुमारे ५०० पट. त्या क्षणी पिन पुढच्या बाजूला खुंट्यांवर इतकी दाबली जाते की घर्षण स्प्रिंगला भारी पडतं. खुंट्या वाकायच्याही. पिन पोचली तरी टोपी पेटवण्याइतका जोर उरत नसे.

जुन्या हळू टॉर्पेडोत हीच रचना चालायची. वेग वाढवला, स्प्रिंग तीच ठेवली.

यातून निघणारा निष्कर्ष विचित्र वाटेल: तिरपा, वाईट कोनातला नेम लागला तर धक्का सौम्य बसतो आणि टॉर्पेडो फुटतो, काटकोनातला आदर्श नेम मात्र फुसका जातो. म्हणजे जितका कप्तान हुशार, तितकं नशीब खोटं.

---

आकडेमोड

पर्ल हार्बरला त्यांनी हे ज्या पद्धतीने सिद्ध केलं ती मला फार आवडते. क्रेनला ९० फुटांवर टॉर्पेडो टांगायचा. वॉरहेडमध्ये स्फोटकं नाहीत, एक्स्प्लोडर मात्र खरा. खाली पोलादी पत्रा. सोडून द्यायचा.

९० फूट म्हणजे २७.४ मीटर. तिथून पडलेल्या वस्तूचा जमिनीवरचा वेग सेकंदाला सुमारे २३.२ मीटर, म्हणजे ४५ नॉट. टॉर्पेडोचीच टक्कर, पाण्याशिवाय! पत्रा सपाट ठेवला तेव्हा दहापैकी सात वेळा एक्स्प्लोडर चालला नाही. पत्रा ४५ अंशांत तिरका केला की अपयश निम्म्यावर आलं. मोठी प्रयोगशाळा लागली नाही, क्रेन आणि पत्रा पुरला. हे १९३५ मध्येही करता आलं असतं.

---

दर्यावर्दी

उपायही साधाच होता: हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची पिन आणि कमी घर्षण. पर्ल हार्बरच्या कारखान्यात काही पिना तर तिथे पाडलेल्या जपानी विमानांच्या पंख्यांच्या धातूतून घडवल्या गेल्या. पिना तयार होईपर्यंत समुद्रावरच्या पाणबुड्यांना संदेश गेला की शक्यतो तिरप्या कोनातून मारा. ३० सप्टेंबर १९४३ ला बार्ब पाणबुडी नवीन पिना लावलेले टॉर्पेडो घेऊन निघाली. युद्धाला तोवर २१ महिने होऊन गेले होते.

---

जुना_नकाशा

तांत्रिक माहिती पटली, पण "टॉर्पेडो चालले असते तर युद्ध वर्षभर आधी संपले असते" हे जे सगळीकडे वाचायला मिळते, त्याला माझा विरोध आहे. इथे कोणी लिहायच्या आत नोंदवतो.

१९४२ मध्ये पाणबुड्या कमी होत्या आणि त्यातल्या बऱ्याच जुन्या. त्यांना ट्रुकसारख्या तळांबाहेर युद्धनौकांची वाट पाहत बसवले होते, तेलवाहू जहाजांच्या वाटेवर नाही. शांतताकाळच्या सरावात पेरिस्कोप वर काढायलाही बिचकणारे कप्तान युद्धात तसेच वागले, आणि कामगिरी नाही म्हणून अनेकांना त्याच वर्षी बदलावे लागले. जपानी व्यापारी जहाजांचे सांकेतिक संदेश नियमितपणे वाचता येऊ लागले ते १९४३ मध्ये. त्या संदेशांत ताफ्याची दुपारची अपेक्षित जागा मिळायची, म्हणजे समुद्रभर शोधत फिरायची गरज नाही. जहाजावरचे रडारही तेव्हाच सुधारले. एकटा टॉर्पेडो बदलून हे सगळे झाले नसते.

ढोबळ आकडे पाहा: १९४२ मध्ये सुमारे १८० जहाजे, सव्वासात लाख टन. १९४३ मध्ये ३३५ जहाजे, १५ लाख टन. १९४४ मध्ये ६०० च्या वर, २७ लाख टन. १९४३ ची दुप्पट वाढ बहुतांश सदोष टॉर्पेडोंनीच झाली आहे.

---

यंत्रतंत्र

@जुना_नकाशा, "वर्षभर आधी" मलाही जास्त वाटतं. पण दोष इतका सहज बाजूला काढता येणार नाही. कप्तान बिचकत होते याचं एक कारण हेच की जोखीम घेऊन जवळ जायचं आणि टॉर्पेडो टणकन आपटून आपलीच जागा दाखवून द्यायचा. वाहू पाणबुडीचा कप्तान मॉर्टन बिचकणाऱ्यांतला नव्हता. ऑगस्ट १९४३ मध्ये तो जपानच्या समुद्रात शिरला, नऊ जहाजांवर हल्ले केले, दहा टॉर्पेडो वाया गेले आणि चिडून परत आला. पुढच्या फेरीत त्याच समुद्रातून बाहेर पडताना, ११ ऑक्टोबरला, वाहू सर्व खलाशांसह बुडाली.

---

पूर्व_वारा

परिणामांकडे येतो.

जपानने युद्ध सुरू केले तेव्हा त्याच्याकडे सुमारे ६० लाख टन व्यापारी जहाजे होती. अमेरिकी पाणबुड्यांच्या नावावर युद्धानंतरच्या संयुक्त समितीने १,११३ व्यापारी जहाजे (सुमारे ४८ लाख टन) आणि २०१ युद्धनौका मांडल्या. अमेरिकी नौदलाच्या मनुष्यबळात पाणबुडीवाले दोन टक्केही नव्हते. किंमतही मोजली: ५२ पाणबुड्या आणि सुमारे साडेतीन हजार माणसे.

जपान युद्धात उतरला तोच इंडोनेशियाच्या तेलासाठी. तेल हातात आले, ते घरी नेणारी जहाजे बुडाली. १९४४ मध्ये जपानी ताफ्याचा मोठा भाग सिंगापूरजवळच्या लिंगाला नांगरून होता, कारण इंधन तिथे मिळायचे. नव्या वैमानिकांचे उड्डाणाचे तास इंधनाअभावी कापले गेले. शेवटी पाइनच्या मुळ्या उकरून त्यांचे तेल गाळण्याची देशव्यापी मोहीम निघाली. मार्च १९४५ नंतर दक्षिणेकडून तेल येणे जवळपास थांबले आणि त्याच महिन्यात बी-२९ विमानांनी जपानी बंदरांत सुरुंग टाकायला सुरुवात केली, एकूण १२,००० च्या वर.

जपानने स्वतः या धोक्याकडे फार उशिरा पाहिले. ताफ्यांच्या संरक्षणाचे एकत्रित मुख्यालय उभे राहिले ते नोव्हेंबर १९४३ मध्ये, म्हणजे नेमके टॉर्पेडो सुधारल्यावर. त्यांना मिळालेली २१ महिन्यांची सवलत त्यांनी वाया घालवली.

---

शंकेखोर

पण हे सगळे "१,११३ जहाजे" म्हणून वाचताना ती रिकामी नव्हती हेही लिहायला हवे.

२६ जानेवारी १९४३ ला वाहूने बुयो मारू बुडवले. त्यावर ४९१ भारतीय युद्धकैदी होते, १६ व्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे. पाण्यात उतरलेल्या होड्यांवर पाणबुडीने गोळीबार केला. त्या दिवशी १९५ भारतीय आणि ८७ जपानी मेले. आपल्याकडे याची आठवण जवळजवळ कुठेच नाही. २२ ऑगस्ट १९४४ ला बोफिन पाणबुडीने त्सुशिमा मारू बुडवले, त्यात ओकिनावाहून सुरक्षित जागी हलवली जाणारी पावणेआठशेच्या आसपास शाळकरी मुले गेली. जहाजावर आत कोण आहे हे कप्तानांना कळत नव्हते हे खरे. कैद्यांच्या जहाजांवर जपानने खूण लावली नव्हती हेही खरे.

कायद्याचा भाग: १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली त्यामागे जर्मनीचे अनिर्बंध पाणबुडी युद्ध हे मोठे कारण होते. १९४१ मध्ये पहिल्याच दिवशी तिने स्वतः तोच आदेश काढला.

---

जुना_नकाशा

+१. आणि न्यूरेम्बर्गला जर्मन ॲडमिरल डोनित्झच्या वकिलाने निमित्झकडून लेखी उत्तरे मागवली. निमित्झने सरळ सांगितले की अमेरिकेने पॅसिफिकमध्ये पहिल्या दिवसापासून अनिर्बंध पाणबुडी युद्ध केले. न्यायाधिकरणाने मग पाणबुडी युद्धाचे नियम मोडल्याबद्दल डोनित्झला वेगळी शिक्षा ठोठावली नाही. त्याला दहा वर्षे मिळाली ती इतर आरोपांवर.

---

आकडेमोड

गोल फिरून परत येणाऱ्या टॉर्पेडोबद्दल कोणी लिहिलं नाही. टँग पाणबुडी अशीच गेली ना? आणि तो मार्क १४ होता की विजेवरचा?

---

दर्यावर्दी

टँगवर विजेवरचा मार्क १८ होता. जर्मनांचा जी७ई हाती लागला, त्यावरून वेस्टिंगहाउसने बनवलेला. वेग फक्त २९ नॉट, पल्ला ४,००० यार्ड, पण मागे बुडबुड्यांची रेघ राहत नाही, म्हणजे दिवसा हल्ला केला तरी पाणबुडीची जागा कळत नाही. त्याचे वेगळे लाड करावे लागत: बॅटऱ्या ठरावीक दिवसांनी पुन्हा चार्ज करायच्या, चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन साचू द्यायचा नाही, थंड पाण्यात बॅटरीचा जोर कमी पडून वेग घटतो तो हिशेबात धरायचा.

सुकाणू एका बाजूला अडकले की टॉर्पेडो वर्तुळात फिरतो आणि सोडणाऱ्याकडेच येतो. २५ ऑक्टोबर १९४४ ला तैवानच्या सामुद्रधुनीत टँगचा शेवटचा, चोविसावा टॉर्पेडो असाच वळून तिच्या मागच्या भागावर आदळला. नऊ जण वाचले, कप्तान ओ'केन त्यांत होता. त्याआधी २६ मार्चला पलाऊच्या उत्तरेला टलिबी स्वतःच्याच टॉर्पेडोने बुडाली, तिचा एकच माणूस वाचला. म्हणजे फुटणे दुरुस्त झाले तरी वळणे राहिलेच. टॉर्पेडो सोडल्याबरोबर सोनारवाल्याने त्याचा आवाज कोणत्या दिशेला जातो ते ऐकत राहायचे आणि दिशा फिरताना दिसली की तत्काळ ओरडायचे, पाणबुडीने वेग वाढवून वळायचे, एवढाच बचाव होता. टँग पृष्ठभागावर होती, तिला वळायला वेळ पुरला नाही.

मार्क १४ मात्र सगळे दोष काढल्यावर चांगला निघाला. अमेरिकी नौदलाने तो युद्धानंतरही तीन दशकांहून अधिक काळ वापरला.